जिनिंगच्या कामगारांचे स्नेहसंमेलन: रात्रीऐवजी दिवसा का आणि कसे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गठाणी बांधणाऱ्या कारखान्याचे, प्रशासन आपण पाहता. कार्यालयातील मंडळी, फिटर, चालक, हमाल आणि मुकादमामार्फत आलेल्या महिला कामगार मिळून सुमारे ९० जण तेथे काम करतात. मालकांच्या मनात ३१ डिसेंबरच्या रात्री कारखान्याच्या आवारातच मटणाचे जेवण आणि डीजे ठेवायचा आहे. गेल्या वर्षी अशाच कार्यक्रमात दोन चालकांची हाणामारी झाली, महिला कामगार आल्याच नाहीत आणि एक जण परतताना मोटारसायकलवरून पडला. यंदा कार्यक्रम सुरक्षित व्हावा आणि लोकांना आवडावाही, तर काय करावे, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की कार्यक्रम दिवसा घ्यावा, कुटुंबांसह घ्यावा आणि दिवस मावळण्यापूर्वी प्रत्येक जण आपल्या घरी पोहोचेल असा आखावा. विदर्भातील जिनिंग, सूतगिरण्या आणि डाळ मिलमध्ये कामगारांचे प्रश्न हाताळताना मला वारंवार दिसले आहे की अशा कार्यक्रमांतील बहुतेक विघ्ने वेळेच्या निवडीतूनच उभी राहतात. दारू, रात्रीचा प्रवास, महिलांची गैरहजेरी, रात्री उशिरापर्यंत उरलेले अन्न, आवाजाची तक्रार या सर्वांचे मूळ ‘रात्री आठनंतर’ या एका निर्णयात असते. तो निर्णय बदलला की निम्मी काळजी आपोआप मिटते आणि उरलेली निम्मी आटोक्यात येते.

डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी दहाला सुरुवात, साडेबाराला पंगत आणि चार वाजता सांगता अशी वेळ ठेवली, तर लांबच्या गावचा कामगारही उजेडात घरी पोहोचतो. रात्रीच्या प्रवासाचा धोका केवळ मद्यपी चालकापुरता नसतो. शिवारातून जाणाऱ्या रस्त्यावर रोही (नीलगायी) आणि रानडुकरे अचानक आडवी येतात आणि शुद्धीवर असलेला मोटारसायकलस्वारही त्यांना धडकून जायबंदी होतो. त्यातच ट्रिपल सीट, थंडीने बधिर झालेली बोटे आणि पुढून दिवे न लावता येणारा ट्रॅक्टर यांची भर पडली, की गेल्या वर्षी एकच जण पडला हे नशीबच म्हणावे लागते.

तारीख ठरवताना ३१ डिसेंबरचा हट्ट सोडावा. डिसेंबरात कापसाची आवक जोरात असते, त्यामुळे ज्या दिवशी बाजार समितीत खरेदी बंद असते तोच दिवस आपल्याला सोयीचा. त्या दिवशी फाटकावर गाड्यांची रांग नसते आणि चालक, हमाल मोकळे असतात. गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी भरतो तो दिवस टाळावा, कारण हप्त्याचा बाजार सोडून कोणतीही गृहिणी आपल्या कार्यक्रमाला येणार नाही. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन असतो. आपल्या भागातील अनेक कामगार त्या सुमारास चैत्यभूमीला जातात, आणि जे जात नाहीत त्यांच्यासाठीही तो दिवस जल्लोषाचा नाही. मार्गशीर्षातील गुरुवारी अनेक घरांत उपवास असतो. या सर्वांतून वाट काढणे जमत नसेल, तर संक्रांतीनंतरचा एखादा सुटीचा दिवस घ्यावा. तिळगुळाचे निमित्त सर्वांना चालते आणि वर्षअखेरीच्या नावाखाली येणारा दारूचा आग्रहही त्या दिवशी नसतो.

दारूविषयी स्पष्टच लिहितो. कारखान्याच्या खर्चाने आणि कारखान्याच्या नावाने होणाऱ्या कार्यक्रमात ती नसावी. यात नीतीचा उपदेश नाही. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे; आपले काही कामगार वर्धा नदीपलीकडच्या, त्या जिल्ह्यातील गावांतून येत असतील, तर यवतमाळ जिल्ह्यात पिऊन किंवा खिशात बाटली टाकून परतणारा माणूस नदी ओलांडताच दुहेरी अडचणीत सापडतो. आपल्या जिल्ह्यातही परवान्याशिवाय मद्य वाढणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हाच आहे, आणि ‘आमच्या आवारात आम्ही आमच्याच माणसांना दिली’ ही सबब तेथे चालत नाही. वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. हा दंड ज्याची रोजी तुमच्या सरकीच्या खेपांवर चालते त्या चालकाला बसणार असतो, हे मालकांना जरूर सांगावे.

मात्र केवळ ‘दारू नाही’ असे फलकावर लिहून भागत नाही. बाटली झाडामागे येते, मोहाची असो की देशी. त्यावर माझ्या अनुभवात दोनच उपाय चालले आहेत. पहिला म्हणजे कुटुंबे बोलावणे. बायको-मुले पंगतीत बसलेली असताना बहुतेक माणसे स्वतःलाच आवरतात. दुसरा म्हणजे मुकादम आणि जुन्या हमालांपैकी ज्यांचा शब्द चालतो अशा दोघा-तिघांना आधी विश्वासात घेऊन, कोणी पिऊन आलाच तर त्याच्याशी वाद न घालता, त्याच्या गाडीची किल्ली काढून घेऊन त्याला घरी पोहोचवण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवणे. हे काम सुरक्षारक्षकाने केले की भांडण होते. त्याच्याच गावच्या काकाने केले की होत नाही. अशा माणसाला हजेरीवर घेऊन दुसऱ्या दिवशी सर्वांदेखत जाब विचारू नये. बोलायचे ते दोन दिवसांनी, एकांतात.

आता जागा. कारखान्याच्या आवारात कार्यक्रम घेऊ नये, हे मी ठामपणे सांगतो. हंगामात अंगणात कापसाच्या गंजी असतात, १७० किलोच्या गठाणी रचलेल्या असतात, आणि रुईचे तंतू पत्र्यांवर, तारांवर, गवतावर सर्वत्र बसलेले असतात. एक बिडी, चुलीची एक ठिणगी किंवा पोरांनी लावलेला एक फटाका पुरेसा आहे. कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि गंजीच्या पोटात धुमसत राहून काही तासांनी पुन्हा भडकते. ज्या दिवशी दोनशेच्या वर पाहुणे, त्यांत लहान मुले आणि कुतूहलाने यंत्रांकडे जाणारे तरुण असतील, त्या दिवशी ते आवार कुलूपबंद असलेले बरे.

गावातील शाळेचे मैदान किंवा मंगल कार्यालय हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे. मालकांना आपल्या शेतातच कार्यक्रम हवा असेल तर तेही चालेल आणि लोकांना ते अधिक आवडेल, परंतु आदल्या दिवशी शेत स्वतः पायी फिरून पाहावे. मी अशा वेळी आधी विहीर पाहतो. कठडा नसलेली किंवा कठडा गुडघ्याएवढाच असलेली विहीर असेल, तर बांबू आणि हिरवी जाळी लावून ती चारही बाजूंनी बंद करून घ्यावी आणि एक प्रौढ माणूस तेथे बसवावा. त्याहून धोक्याचे शेततळे. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या तळ्याचे काठ इतके निसरडे असतात की पोहता येणारा माणूसही आत पडल्यावर वर चढू शकत नाही. त्यात दोर किंवा दोराला बांधलेली हवा भरलेली ट्यूब आधीच सोडून ठेवावी, आणि कुंपण नसेल तर त्या शेतात कार्यक्रमच घेऊ नये. त्यानंतर धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) तारा पाहाव्यात. डुकरांपासून पीक वाचवण्यासाठी शेजाऱ्याने झटका मशीन लावले आहे, की थेट वीज सोडली आहे, हे विचारण्यात संकोच करू नये; आपल्याकडे अशा तारांनी माणसे गेली आहेत. कार्यक्रमाच्या दिवशी तो प्रवाह बंद ठेवण्याचे त्याच्याकडून कबूल करून घ्यावे आणि त्यालाही जेवायला बोलवावे.

मग झाडांकडे मान वर करून पाहावे. मोठ्या पिंपळावर, वडावर किंवा पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ असेल, तर त्या बाजूला चूल मुळीच मांडू नये. धुराने चवताळलेल्या माश्या पंगत उधळून लावतात आणि पळू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांवर व मुलांवर तुटून पडतात. शेवटी शेतातील कोठी. फवारणीची औषधे, रिकामे डबे आणि पंप कुलपात गेले पाहिजेत. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण जाणतोच. तरीही औषधाचा धुतलेला ड्रम पाणी साठवायला काढण्याची सवय अजून गेलेली नाही. पिण्याचे पाणी जारचे किंवा तपासलेल्या नळाचे आणि ड्रम फक्त नवे, एवढे लिहूनच द्यावे.

जेवणाविषयी माझे मत अनेकांना पटत नाही, तरी लिहितो: पहिल्या वर्षी मटण नको. मटण ठेवले की माळकरी, महानुभाव पंथाचे आणि त्या दिवशी ज्यांचा वार आहे असे लोक वेगळे बसतात, मुस्लिम कामगार हलाल आहे का हे विचारायला संकोचतात, आणि एका पंगतीच्या तीन पंगती होतात. त्याऐवजी रोडगे, वांग्याची भाजी, वरण, भात आणि जिलेबी असा बेत ठेवला तर कोणी नाक मुरडत नाही. हे आपल्याकडच्या मारुतीच्या पारावरचे जेवण आहे, ते करणारे हात तुमच्या कामगारांतच सापडतील, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजणे हाच एक कार्यक्रम होतो: हमाल कणिक तिंबतात, अनुभवी माणूस राख झटकून रोडगा फोडून पाहतो, कच्चा निघाला की हशा पिकतो. तुपाचा खर्च मात्र मालकांनी हात आखडता न घेता करावा. निखाऱ्याची जागा वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन, उभ्या पऱ्हाटीपासून (कपाशीपासून) आणि कडब्याच्या गंजीपासून दूर ठेवावी, शेजारी पाण्याचे दोन ड्रम व वाळूच्या बादल्या ठेवाव्यात आणि निघताना निखारे पाणी ओतून, माती टाकून, हाताने अंदाज घेऊन विझवावेत.

अन्नातून होणारी बाधा मिरची-मसाल्याने होत नाही. ती वेळेने आणि उबेने होते. शिजलेले अन्न वाफाळत, म्हणजे ६० अंश सेल्सिअसच्या वर, ठेवता येत असेल तर ठीक. नाहीतर शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते पानात पडले पाहिजे. पहाटे चारला भाताचे गंज (मोठी पातेली) उतरवून ते झाकून दुपारपर्यंत ठेवणारा स्वयंपाकी नको. मोठ्या गंजात भात आणि वरण तासनतास कोमट राहते आणि त्यात जंतू वाढतात; काहींचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. खव्याची मिठाई, बासुंदी आणि बाजारचे पनीर या तीन पदार्थांना मी अशा कार्यक्रमात फाटा देतो. ताजी, कढईतून निघालेली जिलेबी त्यांच्यापेक्षा सुरक्षित आणि लोकप्रिय आहे. केटरर ठेवणार असाल तर त्याचा चौदा अंकी अन्न परवाना किंवा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. हाताला जखम किंवा पोट बिघडलेले असलेल्या वाढप्याला त्या दिवशी वाढायला लावू नये. उरलेले अन्न दुपारी तीनपर्यंत वाटून टाकावे, रात्रीसाठी डबे भरून देऊ नयेत, आणि गंजभर भात गाईगुरांपुढेही ओतू नये, कारण एकदम पोटात गेलेल्या शिजलेल्या धान्याने गुरांचे पोट फुगते आणि जनावर दगावूही शकते.

वाहनांच्या बाबतीत तडजोड नाही. कामगारांना आणण्यासाठी ट्रॅक्टरची ट्रॉली, पिकअप किंवा कापूस वाहून आणणारे मेटाडोर वापरू नये. मालवाहू वाहनातून माणसे नेणे बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. एसटीकडून प्रासंगिक करारावर बस मिळते. आगाराला वेळेवर अर्ज केला की काम होते. प्रत्येक बसमध्ये गावनिहाय नावांची यादी घेतलेला एक माणूस असावा, जाताना आणि येताना नावे पुकारावीत, आणि शेवटच्या गावच्या शेवटच्या बाईला घरच्या वाटेवर सोडल्याचा निरोप आल्याशिवाय आपण स्वतः मैदान सोडू नये.

महिला कामगार गेल्या वर्षी का आल्या नाहीत, हे त्यांना विचारले होते का? मी जेथे जेथे विचारले तेथे कारणे साधी निघाली: शौचालय नाही, परतायला वाहन नाही, पुरुष पिऊन नाचतात, आणि कोणीतरी मोबाइलवर चित्रण करून स्टेटसला ठेवतो. यातील प्रत्येकावर उपाय आहे आणि कोणताही महाग नाही. महिलांसाठी पाणी, कडी आणि उजेड असलेली वेगळी शौचालये आधी, मंडप नंतर. नाचण्यासाठी हात धरून ओढणे नाही, आणि परवानगीवाचून कोणाचे छायाचित्र किंवा चित्रण नाही, हे सुरुवातीलाच व्यासपीठावरून सांगावे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखाली दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. कामाच्या निमित्ताने भेट दिलेले ठिकाण आणि मालकाने पुरवलेले वाहनही त्या कायद्यात कामाचे ठिकाणच ठरते. म्हणून स्नेहसंमेलन आणि त्याची बस ‘खासगी’ समजू नये. मुकादमामार्फत आलेली मजूर स्त्रीही या कायद्याचे संरक्षण मागू शकते, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार करू शकते. समितीच्या महिला सदस्यांची ओळख त्या दिवशी करून द्यावी. तक्रार नसली तरी कोणाकडे जायचे हे सर्वांना कळते.

करमणुकीत डीजेला मी शेवटचे स्थान देतो. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकावर बंदी असते, हा नियमाचा भाग झाला. पण दिवसाही त्या आवाजात कोणी कोणाशी बोलू शकत नाही, आणि वर्षभर जिनच्या घरघराटात काम करणाऱ्या माणसांना त्या दिवशी तरी एकमेकांचे बोलणे ऐकू यावे. आपल्या कामगारांतच खंजिरी भजन म्हणणारे, दंडारीत (आपल्याकडच्या लोकनाट्यात) सोंग घेतलेले, उखाण्यात कोणाला हार न जाणारे लोक असतात. त्यांना पंधरा दिवस आधी सांगितले की ते तालीम करून येतात, आणि फिटर म्हणून ओळखला जाणारा माणूस गळा उत्तम असलेला निघतो. मुलांसाठी लिंबू-चमचा, संगीत खुर्ची पुरेशी आहे. रस्सीखेच ठेवायची असेल तर दोर जाड सुताचा किंवा तागाचा घ्यावा, नायलॉनचा नको, आणि तो मनगटाला किंवा कमरेला गुंडाळण्यास सक्त मनाई असावी. दोर अचानक ताणला गेला की गुंडाळलेल्या हाताची बोटे तुटू शकतात. कार्यालयातील तरुण फिशपॉन्डचा आग्रह धरतील. हरकत नाही, परंतु चिठ्ठ्या आधी एका जबाबदार व्यक्तीने वाचाव्यात. जात, रंग, शरीर, नवरा-बायकोचे भांडण किंवा कोणाचे कर्ज यांवरची चिठ्ठी सरळ फाडून टाकावी. हशा पाच मिनिटे टिकतो, पण ती ओळ वर्षभर त्या माणसाला चिकटते.

भाषणे आटोपशीर असावीत आणि पुढारी बोलावू नयेत, एवढेच. मालकांनी बोलण्यापेक्षा पहिली पंगत स्वतः वाढावी, आणि स्वतः शेवटच्या पंगतीत बसावे. भेटवस्तू द्यायची असेल तर कायम कामगार आणि मुकादमाकडचे कामगार यांना एकच द्यावी. एकाला ब्लँकेट आणि दुसऱ्याला स्टीलचा डबा दिला, तर त्या दिवसाची चर्चा तेवढ्यावरच राहते. वर्गणी घेऊ नये, आणि मजुरीतून परस्पर तर मुळीच कापू नये. त्या दिवशी कारखान्यावर थांबलेल्या रखवालदाराचे जेवण पहिल्या घाण्यातले, गरम, आठवणीने पोहोचवावे.

विजेच्या बाबतीत मंडपवाल्यावर विसंबून राहू नये. जवळच्या खांबावर आकडा टाकणे आणि उघड्या तारा काडी खुपसून सॉकेटमध्ये बसवणे या दोन्ही गोष्टी आपल्याकडे इतक्या सर्रास चालतात की त्या कोणाला खटकत नाहीत. आपल्या कारखान्याचा वायरमन आदल्या संध्याकाळी पाठवून तीन पिनचे प्लग, ३० मिलिअँपिअरचा गळती प्रवाह तोडणारा स्विच आणि पायाखाली न येणाऱ्या तारा एवढे तपासून घ्यावे. जनरेटर मंडपाबाहेर, उघड्यावर ठेवावा. प्रथमोपचाराची पेटी, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता माहीत असलेला चालक आणि तयार उभी असलेली एक गाडी असावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ व इतर मदतीसाठी ११२ हे क्रमांक मंडपात लावावेत. शेतात मोबाइलची रेंज कोठे मिळते, हेही आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावणाऱ्या हौशी वैद्यांना दूर ठेवावे.

राहिला प्रश्न मालकांना पटवण्याचा. त्यांना सुरक्षिततेचे व्याख्यान देऊ नये. गेल्या वर्षीचा खर्च आणि हा खर्च एका कागदावर शेजारी-शेजारी मांडावा: मटण, डीजे, रात्रीची रोषणाई आणि बाटल्या एका बाजूला, एसटीच्या बस, तूप, शौचालये आणि ब्लँकेट दुसऱ्या बाजूला. हाणामारीनंतर किती चालक कामावर आले नाहीत आणि ऐन आवकेत किती खेपा अडल्या, हेही त्याच कागदावर लिहावे. व्यापारी, दलाल आणि अडत्यांसाठी त्यांना ३१ डिसेंबरच्या रात्री काही करायचेच असेल, तर ते त्यांनी स्वतःच्या नावाने, परवाना असलेल्या हॉटेलात, कामगारांना आणि कारखान्याच्या चालकांना त्यात न गुंतवता करावे. मालक बहुधा याला तयार होतात, कारण त्यांना हवी असलेली रात्र त्यांच्याकडेच राहते.